'सोमनाथ'शी जोडले आहे

सिडको, नाशिक
मंगळवार

ती. नाथादादांस,

धाकट्या शेखरचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा साष्टांग समजू नका. परवा रविवारी मी खरोखरच आठही अंगांनी हॉलच्या फरशीवर पडलो होतो आणि मला उठवायला उज्वलाला दोन्ही हात लावावे लागले. का, ते पुढे येईलच.) वहिनींचे गुडघे, तुमचा खोकला आणि बागेची छाटणी या तिघांची खुशाली सविस्तर कळवा. आमची विचाराल, तर शरीर जागेवर आहे, डोक्याचं सांगता येत नाही.

निफाड ते नाशिक एवढंसं अंतर, खिशात मोबाईल, आणि हा माणूस पत्र काय लिहितो, असं तुम्हाला वाटणार. दादा, मी हादरलोय. यापुढे घरातली महत्त्वाची गोष्ट मी कुठल्याही यंत्रात बोलणार नाही. यंत्रात बोललेलं कुणाच्या कानात जाऊन पडेल याचा आता मला भरवसा उरलेला नाही. कागदाचं बरं असतं, तो पाकिटात गप्प बसतो.

तर आपल्या सृष्टीचं तुम्हाला माहीतच आहे. सटाण्याचा तो अमोल, जनावरांचा डॉक्टर, त्याच्याशी तिने आपलं आपण ठरवलं. मी आधी दोन दिवस जेवलो नाही (म्हणजे घरी जेवलो नाही), मग मुलाला भेटलो आणि मलाच तो सृष्टीपेक्षा समजूतदार वाटला. सगळं जुळलं. अडलं ते त्याच्या आईपाशी. मालनबाई म्हणजे जुन्या वळणाच्या, घरात सगळा कारभार अहिराणीत. त्यांचं म्हणणं एकच: शहरातली इंग्रजी शाळेतली पोर, ती माझ्याशी बोलणार कोणत्या भाषेत? मुक्यासारखं एका घरात राहायचं का? अमोलने बजावून ठेवलं होतं की आईने नाही म्हटलं तर तो पुढे जाणार नाही, आणि सृष्टीनेही त्याला, जाऊ नकोस, असंच सांगितलं होतं. पोरीने वरवर हसून सांगितलं, पण रात्रीची भाकरी तशीच ताटात राहिली. मालनबाईंना प्रवास झेपत नाही, म्हणून रविवारी सकाळी लॅपटॉपवर समोरासमोर बोलायचं ठरलं. त्या एका बोलण्यावर माझ्या पोरीचं सगळं अवलंबून होतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आमच्या लॅपटॉपचा आवाज गणपतीतच गेला होता. (त्यात मोदकाचं सारण गेलं, असं उज्वला म्हणते. मी त्यावर बोलणार नाही.) म्हणून शनिवारी एम. जी. रोडला जाऊन 'सोमनाथ मोबाईल अँड गिफ्ट' नावाच्या दुकानातून एक गोल स्पीकर आणला. डाळिंबाएवढा. दुकानदार म्हणाला, काका, वायर नाही काही नाही, लॅपटॉपमध्ये यादी येईल, त्यातलं नाव दाबा, जोडला जाईल. वायरीचा एक आपल्याला आधार असतो, दादा. वायर एका टोकाला धरून गेलं की दुसऱ्या टोकाला काहीतरी सापडतंच. पण सृष्टी म्हणाली होती, बाबा, वायरवालं आता कुणी घेत नाही, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी बापाने वायरवर अडून बसावं हे काही बरं दिसलं नसतं.

रविवारी सृष्टी साडी नेसत होती, तेवढ्यात मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडला. यादी आली. बघून थक्कच झालो. आपल्या भिंतींमधून केवढी वर्दळ चालू असते! कुणाचा टीव्ही, कुणाची गाडी, एक नुसताच आकड्यांचा गठ्ठा, आणि सगळ्यात खाली सुवाच्य अक्षरात 'सोमनाथ'. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत? आपल्या घरात पातेल्यापासून चमच्यापर्यंत नाव घातलेलं असतं. वहिनींनी दिलेल्या डब्यावर तुमचं नाव आहे, बँकेच्या सोसायटीने दिलेल्या ताटावर सोसायटीचं आहे. सोमनाथच्या दुकानातून आणलेल्या स्पीकरवर सोमनाथचं नाव असणार, यात विचार करण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. उलट दुकानदाराचं कौतुक वाटलं. मी दाबलं. लॅपटॉपने ताबडतोब लिहून दाखवलं: 'सोमनाथ'शी जोडले आहे. मी स्पीकरला हळदकुंकू वाहिलं.

इथे आमच्या वरच्यांची ओळख करून द्यायला हवी. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये जे गृहस्थ राहतात त्यांच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या बेडरूममध्ये येतं. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव निघत नाही. 'वरचे' म्हणतात. वरच्यांनी पाणी सोडलं, वरचे खोकले, वरचे अजून आहेत. मूळचे सटाण्याकडचे, एस. टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे आवाज असा की कुजबुजले तरी फलाटावरचा माणूस गाडी पकडायला धावेल. बायको गेल्यापासून एकटेच असतात. कानांनी ठार बहिरे. नाव निघत नसल्यामुळे त्यांचं नाव सोमनाथ आहे हे मी पार विसरून गेलो होतो. आणि मुलाने त्यांना बिनवायरीचं कानाचं मशीन आणून दिलंय, हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

साडेदहाला पडद्यावर मालनबाई आल्या. शेजारी अमोल. मालनबाईंची नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. उज्वलाने सवयीने पोह्यांची बशी लॅपटॉपपुढे केली. मी हात जोडले आणि आपल्या घराण्याविषयी पाठ केलेलं सगळं बोललो, त्यात तुमच्या बागेला मिळालेलं बक्षीसही घातलं. पलीकडून आवाज येईना. त्यांचे ओठ हलत होते. वाटलं, नेटवर्क. मग वाटलं, हळू बोलत असतील, मोठ्या घरची माणसं. आता पुन्हा 'ऐकू येत नाही' म्हणून आपला अडाणीपणा कशाला दाखवा? मी ठरवून टाकलं की त्यांचे ओठ थांबले की आपण हसून मान डोलवायची. उज्वलानेही तेच धरलं. आम्ही दोघं नंदीबैलासारखे डोलत होतो. सृष्टी मध्ये खाली बघून बसली होती.

आणि नेमकं त्याच वेळी वरच्यांनी बोलायला सुरुवात केली! शब्द कळत नव्हते, पण छत घुमत होतं. थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मुलीचं आयुष्य पणाला लागलंय आणि डोक्यावर हा धुमाकूळ. माझा पारा चढला. मी खुर्चीवर चढलो, पुसायच्या मॉपचा दांडा घेतला आणि छतावर चार दणके दिले. तरी वरचे थांबेनात, म्हणून दांडा उगारून छताकडे बघत तिथेच उभा राहिलो. खाली बघतो तर काय, पडद्यावर मालनबाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडतायत, आणि अमोल हसून हसून आडवा झालाय. मी मॉप घेऊन खुर्चीवर. पडदा काळा झाला. वाटलं, संपलं. माझ्या पोरीचं लग्न मी मॉपने मोडलं.

तेवढ्यात सृष्टीचा मोबाईल थरथरला. अमोलचा निरोप. तिने तो वाचला, लॅपटॉपमध्ये डोकावली, आणि मटकन खाली बसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही लॅपटॉप सोमनाथकाकांच्या कानाला जोडलाय."

मी म्हणालो, कोण सोमनाथकाका? तिने छताकडे बोट केलं. साष्टांग घातला तो इथे.

पुढचं तिने मला पंख्याने वारा घालत सांगितलं. पलीकडून आलेला आवाज जायचा थेट वरच्यांच्या कानात, आणि आमचा आवाज म्हणून पलीकडे जायचा तोही वरच्यांचाच. म्हणजे पडद्यावर आम्ही आणि बोलणं त्यांचं. माझं घराण्याचं भाषण कुणीच ऐकलं नव्हतं. (तुमचं बक्षीसही गेलं.) मालनबाईंनी सवयीने विचारलं, "पोर कशी शे?" हे वरच्यांच्या कानात उमटलं. मुलीची चौकशी शेजाऱ्यांकडे करतात, ही रीतच आहे. त्यांना वाटलं, कुणीतरी चौकशीचा फोन केलाय. आणि बायको गेल्यावर पहिल्यांदाच परक्या माणसाने त्यांच्या कानात त्यांची भाषा घातली होती. त्यांनी मोकळ्या मनाने उत्तर दिलं, "पोर सोनानी शे." मी मान डोलावली. मालनबाई म्हणाल्या, बाप कसा आहे? माझे दणके बसले तेव्हाच उत्तर गेलं, "खालून ठोकस ना, तोच बाप. तापट शे, पन मनना वाईट नही." उज्वला या वाक्यावर मनापासून हसून डोलत होती, हे अमोलने मुद्दाम कळवलंय.

पण खरा धक्का पुढेच. वरच्यांनी मालनबाईंना सांगितलं की ही पोर रोज संध्याकाळी माझ्याकडे येते, चहा टाकते, आणि माझ्याकडून अहिराणी शिकते. सासूशी बोलायला. चुकते, पण थांबत नाही. दादा, मी समजत होतो सृष्टी संध्याकाळी झुंबाला जाते! गळतीवाल्याच्या घरी, माझ्या डोक्यावर बसून, माझी मुलगी सासूची भाषा शिकत होती, आणि मी खाली बसून छताच्या ओलीचे फोटो काढत होतो. ते मशीनही तिनेच त्यांना लावायला शिकवलं, नाव तिनेच घातलं, आणि त्या दिवशी सकाळी ते बिघडलं म्हणून बंद करून चालू करायलाही तिनेच सांगितलं होतं. त्यामुळेच ते यादीत आलं. शेवटी मालनबाईंना ते जे म्हणाले, ते सृष्टीने मला सांगितलं तेव्हा तिलाही बोलवेना. म्हणाले, "लई जा पोरले. मना सांजना चहा बंद हुई, हुऊ द्या." (पोरीला घेऊन जा, माझा संध्याकाळचा चहा बंद होईल, होऊ द्या.) मालनबाई रडल्या त्या यावर. मलाही आलं रडू, खोटं कशाला सांगू? मॉप हातात होता म्हणून डोळे पुसता आले नाहीत एवढंच.

संध्याकाळी मालनबाईंचा फोन आला. (साधा फोन. माझ्या कानालाच लागलेला आहे याची खात्री करून मग बोललो.) पोर पसंत आहे म्हणाल्या. ती माझ्याशी चुकत चुकत बोलेल, मी तिच्याशी चुकत चुकत बोलेन, म्हणाल्या. सृष्टी दाराआड होती, ती तिथेच खाली बसली आणि हसत सुटली. त्या रात्री तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. पोरगी सुखाची झाली, दादा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शेखर

ता. क. एक सांगायचं राहिलं. बोलताना वरच्यांनी स्वतःची ओळख "मी वरला" एवढीच दिली होती. मालनबाईंनी मला विचारलं, वरच्या मजल्यावरचे ते तुमचे थोरले भाऊ का? मी घाबरून हो म्हणालो. आता येत्या रविवारी त्या झेपत नसताना प्रवास करून येतायत, आणि त्यांना पहिलं भेटायचंय ते त्या थोरल्या भावाला. मला थोरला भाऊ तुम्ही एकच आहात. तेव्हा शनिवारीच या, आणि तोवर अहिराणी शिका. 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायचं, एवढं येतंय. बाकीचं खोकल्यावर काढा.

ता. क. २. वरचं रद्द. सृष्टीने पत्र वाचलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. तिने असत्यावर संसार सुरू करणार नाही म्हणून अमोलला सगळं खरं कळवलं. मालनबाईंचं उत्तर आलं, की मग दोन्ही भाऊ दाखवा. तेव्हा याच, पण तोंड उघडू नका. बोलायला सोमनाथराव बसणार आहेत. (आमच्या घरात नाव निघालं. लिहूनही टाकलं.)

ता. क. ३. तो गोल स्पीकर चार्जच केलेला नव्हता. काल त्याने एकाएकी बाईच्या आवाजात स्वतःची ओळख करून दिली आणि उज्वलाच्या हातातून कढई सुटली. तुमच्यासोबत परत पाठवतो, बागेतली पाखरं हाकलायला ठेवा.

ता. क. ४. सोमनाथरावांना चहाला बोलवायला मी आता संध्याकाळी मॉपने छतावर दोनदा ठोकतो. ते खाली येतात. लग्नानंतरही हे चालू ठेवायचं ठरवलंय, कारण सृष्टी गेल्यावर त्यांच्यासारखाच माझाही चहा सुनासुना होणार. म्हणून मीही तिच्याकडून थोडी अहिराणी शिकायला बसलोय. गळतीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. तो त्यांच्यापुढे त्यांच्याच भाषेत, न भांडता कसा काढायचा, तेवढं तिने मला शिकवून जायचं कबूल केलंय.