वालाच्या वेलावरचा मावा

तात्या, आज दारच्या वालाला मावा आला. शेंड्यांवर काळी दाट रांग, पानं चिकट, मुंगळ्यांची ये-जा. लेक म्हणाली, "आई, औषध आणून मारू का?" आणि मी तिच्यावर अशी खेकसले की ती बघतच राहिली. लग्न होऊन बावड्यात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण वेलावर मावा दिसला की मी माहेरी, कऱ्हाटीला, आपल्या मोरीमागं जाऊन उभी राहते. म्हणून हे लिहायला बसले.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुधात पाणी आहे का, ते मी अजून बोटावर थेंब घेऊन बघते. पण नव्वद सालच्या हिवाळ्यात मी बाळंतपणाला घरी आले, तेव्हा माझा संशय इतका साधा राहिला नव्हता. आदल्या वर्षी पोटातलं गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात, तेही माहेरी आलेली असताना. तुम्ही लोकांच्या डाळिंबाच्या बागांना औषध मारायला जायचात, पाठीवर पंप घेऊन. संध्याकाळी आधी तो वास दारात यायचा, मग तुम्ही. त्या खेपेला आई आजारी होती म्हणून तुमचे फवारणीचे कपडे मी धुतले आणि आठवड्यात ते झालं. तोंडानं मी काही बोलले नाही. मनात मात्र पक्कं धरलं की हे तुमच्या औषधानंच झालं.

दुसऱ्या खेपेला सातवा लागला होता. आईनं मोरीच्या पाण्यावर वाल लावलेला, मांडव भरून शेंगा. हवा ढगाळ पडली आणि मावा आला. आईनं राख उधळली, तो हलला नाही. आणि मग चार दिवसांत वेल स्वच्छ. मावा काय आपण होऊन चालता होतो? मी पानं हुंगून बघितली. गोठ्यात खुंटीला तुमचा पंप असायचा, त्याच्या झाकणाला चोरून दोरा बांधला. तुटला की समजायचं. आता रोज बागेत जाणारा पंप, दोरा रोज तुटणारच. पण मला रोज नवा पुरावा मिळाल्यासारखं व्हायचं. ताटातली शेंगांची भाजी मी पदराआड नेऊन उकिरड्यावर टाकायला लागले.

तिथं ती तुम्ही बघितलीत. जेवताना म्हणालात, "शेंगा आवडंनात व्हय गं?"

"तात्या, तुमी वेलाला औषध मारलंय."

"न्हाय."

"मग मावा गेला कुठं?"

तुम्ही उठलात, दोन कोवळ्या शेंगा तोडून आणल्यात आणि माझ्यासमोर कच्च्याच खाल्ल्यात. "बघ, काय झालं का?" मी म्हणाले, "तुमाला काय होतंय? तुमी तर रोज त्यातच असता." आई मला रागं भरली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मोरीकडं निघाले, तर तुम्ही वेलापाशी. अंघोळ झालेली, अंगावर लग्नाकार्याचं धोतर, शेजारी रिठ्याच्या पाण्याचं भगुलं. एकेक शेंडा तळव्यावर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होतात, पान उलटून खालची बाजू पुसत होतात, लहान मुलाचं नाक पुसावं तसं. कामावर जायच्या आधी, अंगाला वास लागायच्या आधी. रोज हेच चाललं होतं आणि मी तेव्हा झोपलेली असायचे. माझी चाहूल लागली तसे मागं न बघता म्हणालात, "हात तीनदा धुतल्यात." मग फडकं भगुल्यात पिळत, "त्या बारीला कापडं तुज्या हातात द्याय नको हुती, पोरी. माज्यामुळंच झालं त्ये."

म्हणजे मी न बोललेलं सगळं तुम्हाला कळलं होतं. आणि आता हे ऐका. पहिल्याच्या वेळी आई बाहेर बाकावर बसली होती, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, की असं कधीकधी होतं, कशानं झालं ते सांगता येत नाही, कुणाला दोष देऊ नका. हे मी घरी सांगितलंच नाही. मला कुणावर तरी ढकलायचं होतं आणि तुम्ही समोर होता. त्या सकाळी तेवढं एक वाक्य बोलले असते तर तुमचं ओझं उतरलं असतं. मी बोलले नाही. दुपारी शेंगांची भाजी दोनदा मागून घेतली आणि तेवढ्यावर भागवलं. लाज वाटते, तात्या.

लेक झाली, धडधाकट. तुम्ही त्यानंतर बरीच वर्षं होता. दर दिवाळीला मी यायचे, आणि नातीला उचलून घ्यायच्या आधी तुम्ही हौदावर जायचात, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचात, पुसायचात, मग तिला घ्यायचात. फवारणीची कामं सोडल्यावरही. ती कळती झाल्यावर हसायची, "आजोबा, किती धुताय?" मला तेव्हाही सांगता आलं असतं.

हा कागद मी लेकीला दाखवणार नाही. दाखवला तर ती विचारेल, आई, तू सांगितलं का नाहीस. विसरले म्हणून चालायचं नाही, मी विसरले नव्हते. खरं असं आहे, की तुम्ही हौदावर हात घासत उभे राहिलात की दोष अजून तुमच्याच हातांवर दिसायचा, आणि मला बरं वाटायचं.