मिरचीचा आळ

आई, तीन दिवसांपूर्वी तुझ्यावरचा आळ उतरला आणि ते ऐकायला तू नाहीस. इतका संताप आला की दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहिले. माझ्या पोटात जंतू निघालाय. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, मिरचीनं जळजळ वाढत असेल, पण हा रोग मिरचीचा नाही. हा जंतू बहुतेक लहानपणीच घरातून लागतो. चौदा दिवस गोळ्या घ्या, बरं वाटलं तरी बीच में छोडना नहीं." जंतू मेला की पुढे पोटाच्या कॅन्सरची भीती बरीच कमी होते म्हणे. मी बाबांच्या पोटदुखीचं सांगितलं. ती म्हणाली, त्यांनाही हाच असेल, पण आता कसं कळणार.

ते वर्ष आठवतं? राज्यं नव्यानं आखली, आपलं गाव हिंदी राज्यात राहिलं; नागपूर सुटलं, भोपाळ राजधानी झाली, आणि बाबा कचेरीतून येऊन हिंदी शब्दकोश घेऊन बसायचे, एक हात पोटावर दाबून. कचेरीतले म्हणायचे, बदलीच्या काळजीनं झालं. वैद्य म्हणाले, पित्त. डॉक्टरांनी दूध आणि सोडा सांगितला, तिखट बंद केलं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं, त्याचा मला राग नाही. पण एकानं तरी "आम्हाला कळत नाही" म्हणायचं होतं! काळजीला, पित्ताला कुणी जाब विचारू शकत नव्हतं. तू मात्र समोर चुलीपाशी बसलेली होतीस.

बाबांच्या तेराव्याच्या दिवशी बहादरपूरची आत्या भरल्या घरात बोलली, "वहिनी, डॉक्टरनी मना केलं होतं नं? तरी ठेचा देत होत्या तुम्ही. तुमच्या मिरचीनंच माझा भाऊ गेला." तू पत्रावळी उचलत होतीस. त्या तशाच उचलल्यास, बाहेर टाकून आलीस, आणि खलबत्ता माळ्यावर चढवलास. पुढे मरेपर्यंत तू मिरचीला शिवली नाहीस. पिवळं वरण, पांढरा भात. कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगलीस गं?

गोळ्यांनी तोंड कडू झालंय. आज चौथा दिवस. एकही चुकवणार नाही.

आत्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. पण ठेच्याचं खरं काय ते त्या घरात तुझ्याखेरीज मलाच ठाऊक होतं. बाबा स्वतः मागायचे. "जरासा दे गं, घास उतरत नाही." तू म्हणायचीस, "अहो, नको म्हणालेत डॉक्टर." मग ते ताट सरकवून उठायला लागायचे, आणि तू नखाएवढा ठेचा वाढायचीस. मी शेजारीच जेवत असायचे. त्या दिवशी आत्या बोलली तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी अकरा वर्षांची होते, बोलता येत होतं मला.

मी खाली बघितलं. घाबरले म्हणून नाही, आई. मलाही वाटत होतं की तूच मारलंस त्यांना.