शिडीची ओळ

बाबा,

आमच्या गाण्याचा व्हिडिओ उद्या सकाळी सगळ्यांना दिसणार आहे. बोरिवलीचे आम्ही तिघं आणि मुलुंडची चार पोरं, दोन बँडनी मिळून केलेलं पंक गाणं. चाल सोपी, गिटार जोरात, आणि मोठ्यांचं ऐकून घेतलेलं सगळं ओरडून परत करायचं. शब्द माझे. व्हिडिओत आम्ही चारकोपला, तुमच्या जुन्या गाळ्यामागच्या भिंतीवर ब्रशने वाकड्या रेघा ओढत पळतो आणि धृपदाला सगळे ओरडतात, "आधी सरळ रेघ मार!"

वाक्य तुमचं. नववीत माझी शाळा सुटली आणि तुम्ही मला पाट्या रंगवायला नेलंत. दवाखान्याची पाटी आहे, मी शिडीवर, रेघ वाकडी जातेय, भीती लपवायला गुणगुणतोय. खालून तुम्ही, डॉक्टरांसमोर, चहावाल्यासमोर: "गाणी म्हणान पोट भरता काय रे? आधी सरळ रेघ मार!" सगळे हसले. मुलुंडच्या गायकाला ती ओळ फार आवडली. "झकास आहे यार! बाप एवढा खडूस होता?" मी हो म्हणालो.

व्हिडिओवर येणारे शब्द तपासायचं काम माझ्याकडे आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी तुमच्या पाट्यांवरूनच शिकलो. तीनदा तपासून झालं होतं, तरी आज दुपारी स्वयंपाकघरात बसून पुन्हा बघत होतो. आई कुळीथ निवडत होती. आवाज बारीक होता, पण तिने ऐकलं. ती ओळखेल, याचीच मला धास्ती होती. मेलेल्या बापाला पोरगा चारचौघांत चिडवतोय, असं तिला वाटलं तर?

"ह्या तेंचाच मा रे?" ती म्हणाली. तुमचं वाक्य तिने ओळखलं होतं, पण ओरडली नाही. सूप बाजूला ठेवत म्हणाली, "मगे शिडीचा खंय गेला?"

शिडीचं कुठे गेलं, हे ती विचारत होती. त्या दिवशी सगळ्यांचं हसून झाल्यावर तुम्ही, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, म्हणाला होतात, "भिया नको. शिडी मी धरलंय." ते तुम्ही घरी येऊन तिला सांगितलं होतं, हे मला आज कळलं.

"चालीत बसत नव्हतं," मी म्हणालो. ती पुन्हा कुळीथ निवडू लागली.

आत्ता मुलुंडहून मेसेज आलाय, "फायनल ना? तुझ्या होकारासाठी थांबलोय रे." मी "एक ओळ राहिलीये" एवढं लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. पाठवलं तर सगळे चिडतील आणि बाप खडूस नव्हता, हेही सांगावं लागेल.

चालीत बसत होतं, बाबा. मी गाऊन पाहिलं होतं.