वही क्रमांक ११८

३ फेब्रुवारी, सोमवार
दुखणं: ०

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटं, चौथा मजला, एसी बरा, चहा त्याहून बरा. घाटकोपरच्या घरून निघाले की पाऊण तासात खुर्चीत. दोन वर्षं दहावीच्या मुलांना गणित शिकवून घसा बसला होता. आता कुठे एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा काही उपयोग होईल.

कंपनी छोटी आहे. औषधांच्या चाचण्या दवाखान्यात होतात आणि आकडे आमच्याकडे येतात. सध्या गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे. एकशे सतरा पेशंट आहेत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी, आणि कोणाला कुठली ते शेवटपर्यंत कोणालाच माहीत नसतं. प्रत्येक पेशंट घरी वही ठेवतो. रोज संध्याकाळी दुखणं किती ते शून्य ते दहामध्ये लिहायचं आणि खाली शेरा.

ही वही त्यातलीच आहे. कपाटात एक जास्तीची पडली होती, मुखपृष्ठावर ११८ छापलेली. श्यामकांत सरांना, म्हणजे आमच्या साहेबांना, विचारलं तर म्हणाले, घेऊन जा, कोणाच्या नावावर नाही ती. आई मात्र कुरकुरली की चांगल्या दिवसाची सुरुवात आजाऱ्याच्या वहीत कशाला करतेस. मी म्हटलं कागद चांगला आहे, आणि दुखण्याच्या रकान्यात ऐटीत शून्य घातलं.

एप्रिलमध्ये अभ्यास संपतो. आकडे भरणाऱ्या आम्ही दोघी आहोत आणि दोघींतल्या एकीलाच कायम करणार आहेत. ती मीच असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दुखणं: ०

काम सोपं वाटतं पण डोळे जातात. प्रत्येक वही दोनदा संगणकात भरली जाते. पहिली नोंद मृणालिनी करते, दुसरी मी. दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, म्हणजे एकीची चूक दुसरीला लागत नाही. आकडे जुळले नाहीत तर ओळ लाल होते. मग सर मूळ वही उघडतात आणि कागदावर असेल तेच खरं धरतात. वहीच हरवली असेल तर पहिली नोंद ग्राह्य. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मृणालिनी बोरिवलीहून घरूनच काम करते. तिच्यासाठी वह्यांचे फोटो जातात. मी सकाळी नऊला येते तेव्हा तिची नोंद होऊन गेलेली असते. कधी भरते कोण जाणे.

वह्यांवर नाव लिहायचं नसतं, पण वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या एका बाईंनी पहिल्याच पानावर मोठ्ठं ‘शेवंती’ लिहून ठेवलंय. ते मी काळ्या पेनने झाकलं. त्यांचे शेरे वाचायला मजा येते. ‘आज बाजारान चार तास बसली, सगले बोंबील गेले. गुडघा ५.’ पेशंटवर जीव लावायचा नसतो म्हणे. लागला त्याला काय करणार?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दुखणं: ३

पँट्रीत फ्रीजच्या वर पांढरा फळा आहे. त्यावर दोघींच्या चुका लिहितात. संघमित्रा तेवीस. मृणालिनी शून्य.

शून्य कसं असेल? माणूस आहे का मशीन? एकदाही बोट घसरलं नाही? सर चहा ढवळत म्हणाले की तिच्यासारखी नजर त्यांनी बघितली नाही, मी मनाला लावून घेऊ नये. मनाला लावून घेऊ नये असं कोणी म्हटलं की ते तिथेच जाऊन बसतं.

माझा स्वभाव मला माहीत आहे. मावसबहीण पूर्वी शाळेत पहिली यायची आणि मी दुसरी, तेव्हा तिच्या वाढदिवसाचा केक मी आजारी आहे सांगून खाल्ला नव्हता. मी तशीच आहे. जळते मी. दुखण्याच्या रकान्यात गंमत म्हणून तीन लिहिले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दुखणं: ६

एकोणचाळीस. शून्य.

आज मी प्रत्येक आकडा बोट ठेवून तीनदा वाचला. तरी दोन ओळी लाल झाल्या आणि दोन्ही वेळा वहीने तिचीच बाजू घेतली. सर म्हणाले, कायम करण्याचा निर्णय वरचे लोक फळा बघूनच घेतील, तेव्हा जरा लक्ष दे. लक्षच तर देतेय, आणखी काय देऊ?

मेट्रोत पूर्ण वेळ तिचाच विचार केला. तिचे हात कसे असतील? नखं रंगवत असेल का? तिची आई तिच्याकडे बघून काय म्हणत असेल?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
दुखणं: ०

लिहू का? माझीच वही आहे, लिहिते.

शेवंतीबाईंची नवी वही आली. त्यांना गोळी लागू पडलीय. वीस तारखेला लिहिलंय, ‘न थांबता जिना चढली. गुडघा १.’ मृणालिनीने अर्थातच १ भरला असणार. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, कोणी नव्हतं. शेवंतीबाईंसारखंच निळं पेन माझ्याकडे आहे. १ ला एक आकडी जोडली की ९ होतो. जोडली. मग माझ्या नोंदीत ९ भरला.

ओळ लाल झाली. सरांनी वही उघडली, बराच वेळ बघितली. म्हणाले, शेरा तर बरं वाटल्याचा आहे, पण कागदावर नऊ आहे, तर नऊ. फळ्यावर मृणालिनीच्या नावापुढचं शून्य पुसून त्यांनी १ लिहिला. इतका सुंदर आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. येताना आईसाठी ढोकळा आणला.

१३ मार्च, गुरुवार
दुखणं: २

शेवंतीबाईंची पुढची वही आली. एकवीस फेब्रुवारीपासून रोज ९. ‘जिना उतरता येत नाय. काल बरी होती, असा कसा झाला?’ ‘टोपली उचलत नाय.’ ९. ९. ९.

योगायोग असणार. एका पेशंटच्या आकड्यात वरखाली होतंच, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. सरांना खरं सांगायला उठले होते. मग फळा दिसला. सांगितलं तर तिचं शून्य तिला परत मिळेल.

बसले.

२७ मार्च, गुरुवार
दुखणं: ४

या वेळी शेवंतीबाईंची वही पाचव्या पानानंतर कोरी. दवाखान्याने कळवलं की बाई अंथरुणावरून उठत नाहीत, हात लिहायला वळत नाही, अभ्यासातून गळाल्या. सर म्हणाले, तक्ता रिकामा ठेवायचा नाही, गळालेल्या पेशंटचा शेवटचा आकडा पुढे ओढायचा. अशीच पद्धत आहे. म्हणजे चौदा एप्रिलला अभ्यास संपेपर्यंत शेवंतीबाईंचं दुखणं नऊ. त्या लिहोत न लिहोत.

मीच ओढला. अठरा वेळा ९.

१ एप्रिल, मंगळवार
दुखणं: ७

सकाळी संगणकावर एकशे अठरावा पेशंट होता.

अभ्यासात एकशे सतराच आहेत. मला वाटलं एप्रिल फूल. ओळ उघडली. स्त्री, वय सत्तावीस, घाटकोपर. पहिली नोंद मृणालिनी. दुसरी नोंद बाकी. तीन फेब्रुवारी, दुखणं ०, शेरा ‘नोकरीचा पहिला दिवस झकास गेला!’

सगळं होतं. केक. नखं. ‘इतका सुंदर आकडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.’ शब्द न शब्द माझा.

ही वही घरी कपाटात, साड्यांच्या खाली असते. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. कोणी फोटो काढले? सरांना दाखवायचं म्हटलं तर त्यातच आकडी जोडल्याचं लिहिलंय. मी स्क्रीन बंद केली आणि पोट दुखतंय सांगून घरी आले.

४ एप्रिल, शुक्रवार
दुखणं: ८

आज नीट, शेवटपर्यंत वाचलं. ११८ मध्ये आजच्या पुढच्याही तारखा भरल्यात. उद्या, परवा, सगळ्या. रोज ९. शेरा असलेली शेवटची ओळ तेरा एप्रिलची आहे, दुखणं १०, आणि शेरा मधेच तुटलाय. ‘आईने हाक मारली, मी उठून’ इथे थांबतो. चौदा तारखेला नुसता १०, शेरा नाही. पुढे ओढलेला.

तिची कधी चूक होत नाही.

सरांच्या टेबलावरून तिचा पत्ता उतरवून घेतला. नियम गेला खड्ड्यात.

५ एप्रिल, शनिवार
दुखणं: ९

बोरिवली पश्चिम, दुसरा मजला, दुपारी बारा. दार तिच्या आईने उघडलं. मथुराबाई. मला बघून म्हणाल्या, ऑफिसातून आलीस ना, आत आहे ती, कामात आहे, हल्ली उठत नाही. त्यांनी पाणी दिलं. मी न विचारताच सांगू लागल्या की मृणालिनी आधी दुसरी नोंद करायची, अंधेरीला आमच्याच ऑफिसात, खिडकीजवळच्या खुर्चीत. माझी खुर्ची. तेव्हा पहिल्या नोंदीला राधा नावाची कोणी होती, तिची एकही चूक होत नसे. पोरगी जळून जळून अर्धी झाली. मग एक दिवस कायम झाली, आनंदाने नाचली, आणि त्यानंतर खोलीतून बाहेर आली नाही. म्हणजे ती आधीच कायम होती, आणि मला सांगितलं होतं दोघींतली एक.

त्यांनी मला वही दाखवली. अशीच छापील, क्रमांक ९४. शेवटच्या पानावर वाक्य अर्धंच.

खोलीच्या दारात वरणभाताचं ताट होतं, झाकलेलं. मथुराबाई म्हणाल्या, खात नाही, पण मी ठेवते. दार लोटलं. खुर्ची रिकामी होती. स्क्रीन चालू होती आणि ११८ च्या ओळीत एकेक अक्षर उमटत होतं. कळा खाली जात होत्या, वर येत होत्या, बोटं नव्हती. मी वाचलं. ‘खोलीच्या दारात वरणभाताचं ताट होतं, झाकलेलं.’

हे वाक्य मी आत्ता, घरी येऊन लिहिलंय. तिथे ते दुपारीच होतं.

७ एप्रिल, सोमवार
दुखणं: ९

वही जाळायला गॅस पेटवला होता. मग नियम आठवला. कागद नसेल तर पहिली नोंद ग्राह्य. जाळली तर संपलंच.

पण कागद असेल तर कागद खरा! मग कागदावरच वेगळं लिहायचं. ठरलं. उद्यापासून मला बरं वाटणार.

८ एप्रिल
दुखणं: ९

मी १ लिहिला होता. शपथेवर. निळ्या पेनने, ठळक, १. रात्री उशीखाली ठेवून झोपले. सकाळी बघते तर आकडी जोडलेली. पेनही तेच, हातही माझाच — मी माझी आकडी ओळखते.

शेवंतीबाई, मी तुमची —

११ एप्रिल, शुक्रवार
दुखणं: ९

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, अभिनंदन, वरून होकार आला, तू कायम. मंगळवारपासून नवा अभ्यास, पहिली नोंद तुझी, घरूनच करायची, यायची गरज नाही. दुसऱ्या नोंदीला नमिता म्हणून नवी मुलगी येतेय, हुशार आहे. मृणालिनीचं काय, विचारलं. कोण मृणालिनी, असं त्यांनी विचारलं नाही, तसं विचारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, तिचं झालं आता.

मी रडत शेवंतीबाईंचं सांगितलं. आकडीचं सगळं. ते म्हणाले, कागदावर नऊ आहे ना, मग नऊ.

फळा पुसून नवा लिहिला होता. संघमित्रा शून्य.

आणि मला — खोटं का लिहू — मला आनंद झाला. एक क्षणभर इतका आनंद, की —

१२ एप्रिल
दुखणं: ९

बोटं बधिर. पेन हातात कळत नाही. ऑफिसच्या कपाटात नवी वही होती — ११९. शुक्रवारीच कोणीतरी नमितासाठी टेबलावर काढून ठेवली — ती मीच ठेवली. मला आठवतंय. आठवायला नको होतं.

आईला म्हटलं उद्या मला हाक मारू नकोस. काहीही झालं तरी. तिने कपाळाला हात लावून बघितला.

१३ एप्रिल, रविवार
दुखणं: १०

दहा मी लिहिला नाही. वही उघडली तेव्हा होता.

आई बाहेर उद्याच्या जयंतीसाठी पांढऱ्या साड्यांना इस्त्री करतेय. तिची आणि माझी. वास येतोय. सगळं ठीक आहे. मला ते एकच वाक्य लिहायचं नाही, बस. दुसरं काहीही लिहीन. माझं नाव संघमित्रा. मी खिडकीजवळ बसते. बसायचे. ते वाक्य नाही लिहिलं तर तिची नोंद चुकेल — तिची पहिली खरी चूक — आणि मी —

जिंकायचंय अजून. बघ. अजूनही जिंकायचंच आहे मला —

बाहेर इस्त्री ठेवल्याचा आवाज. नको गं आई. नको. तुला सांगितलं होतं ना —

पेन थांबत नाही

आईने हाक मारली, मी उठून