ग्रहण पाहिलं ती फिल्म

माय, तुझा खोकला मिरचीचा आहे असंच आम्ही सगळे म्हणत होतो. नंदुरबारला पथारीवर, मिरची वाळत घातलेल्या त्या लाल मैदानात, तू दिवसभर मिरचीची देठं खुडायचीस, मग खोकला येणार नाही तर काय! डोळे लाल झाले, तेही मिरचीनं. नडग्यांवर दुखऱ्या गाठी आल्या, तर बाबा म्हणाले, उकिडवं बसून आल्या असतील. मग एक्स-रे काढला, छातीत गाठी दिसल्या आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवसापासून तुझं ताट वेगळं. तू उंबऱ्याबाहेर बसून मला भाकरी थापायला शिकवतेस, पीठ सैल झालं की तिथूनच ओरडतेस, आणि मी जरा पुढे सरकले की हात आडवा करतेस. "दूर ऱ्हाय वं पोरी, मन्हा खोकला तुले लागी जाई."

फक्त ग्रहणाच्या दिवशी जवळ घेतलंस. तोंडाला पदर बांधून मागे उभी राहिलीस आणि तुझ्याच एक्स-रेची फिल्म माझ्या डोळ्यांपुढे धरलीस. असं पाहणंही धोक्याचं, हे तेव्हा कुणाला ठाऊक! पांढऱ्या डागांतून नको, काळ्यातून पाहा, म्हणालीस. म्हणून ते डाग मला पाठ आहेत. श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना, एकाच मापाचे, बटाट्यांसारखे.

गोळ्या संपायच्या आधीच तू गेलीस. पथारीवर, पाटी उचलता उचलता, उभ्या उभ्या. टीबीनं असं कुणी जातं का, हे कुणी विचारलंच नाही.

माझाही खोकला जाईना, म्हणून गेल्या महिन्यात दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी माझी फिल्म दिव्यापुढे लावली. तेच दोन डाग. सीटीत श्वासनलिकांच्या कडेनं खसखशीएवढे दाणे. गाठीचा तुकडा तपासला, त्यात टीबी सापडला नाही. परवा त्या म्हणाल्या, याला सारकॉइडोसिस म्हणतात, फुप्फुसात, डोळ्यांत, कातडीत कुठेही गाठी धरतात, पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही. लागत नाही, माय! तुलाही हेच असेल, तर ते ताट, तो आडवा हात, सगळं कशासाठी गं? रडूही आलं आणि संतापही.

"कधी कधी हा आजार हृदयातही बसतो, ताई," त्या म्हणाल्या. "मग माणूस अचानक जातो. तुमचा ठोका चुकतो का?" मी नाही म्हटलं. तरी त्यांनी सुरतला हृदयाचा एमआरआय करून यायला सांगितलंय. मी अजून गेले नाही.

काल लेक गळ्यात पडली, कान माझ्या छातीला लावायला लागली, आणि मी हात आडवा केला. "दूर ऱ्हाय वं पोरी." तोंडातून तुझंच बोलणं निघालं. आजार लागेल म्हणून नाही, माय. मधेच एक ठोका चुकतो, रोज चुकतो, तो तिला ऐकू आला असता. तुझाही चुकायचा का गं? हे विचारायला कागद कुठे पाठवू? डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोलले, एवढं फक्त तुला सांगते.