मागं ठेवलेली पोर

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या शाळेतल्या नव्या मास्तरांना तुमचं नावही ठाऊक नसेल. मला आज बघून तुम्ही ओळखलं नसतंत. चष्मा लागलाय, अंगानं सुटलेय, आणि हसू नका, तुमच्याच धंद्यात आलेय. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, जामखेडच्या पुढं, आपल्या गावापासून फार लांब नाही. तुमचं माझं पत्र लिहिण्याइतकं गोडीगुलाबीचं कधीच नव्हतं. मला तुमचा राग होता, आणि अजून आहे. पण गेले काही दिवस डोक्यात असं काही भणभणतंय, की ते ओकल्याशिवाय घास उतरायचा नाही. शाळेत बोलायची सोय नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणतो, "तुला काय करायचंय? पगार होतोय ना वेळेवर?" मग राहता राहिलात तुम्ही.

आमच्याकडं पालक मेळावा झाला. दसरा झाला की उसाच्या टोळ्या निघतात आणि निम्मी शाळा रिकामी होते, म्हणून मुख्याध्यापकांनी तो आधीच उरकून घेतला. 'उरकून' हा त्यांचाच शब्द. फ्लेक्स छापून आणला, त्यावर पाहुण्यांचे फोटो ओळीनं. पाहुणे खुर्च्यांवर, पालक सतरंजीवर, बायका पार मागं भिंतीला टेकून. एक पाहुणा उठला आणि मोबाईलचे दुष्परिणाम या विषयावर बोलत सुटला. समोरच्या निम्म्या बायकांकडं मोबाईलच नव्हता. मग नारळ, शाल, टाळ्या, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते फोटो. आमचे एक सर मोबाईल उंच धरून बायकांना म्हणत होते, "जरा हसा की ओ!" ते फोटो वर पाठवायचे असतात. वर म्हणजे नेमकं कुठं, हे तुमच्या वेळीही कुणाला माहीत नव्हतं, आताही नाही. किळस आली मला, गुरुजी. हातातल्या चहावर साय धरली तरी तो तोंडाला लावावासा वाटेना.

सगळे उठायला लागले तेवढ्यात एक बाप उभा राहिला. माझ्याच वर्गातल्या एका मुलीचा. टोपी काढून हातात घेतलेली. "सायेब, एक इचारायचं हुतं. आमची पोरगी कशी हाय अभ्यासात?" सबंध मेळाव्यात विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न, आणि तो विचारताना त्या माणसाला घाम फुटला होता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "अहो, तुमची मुलगी म्हणजे एक नंबर! अ-एक श्रेणी आहे तिची. टाळ्या वाजवा!" वाजल्या. बापाचं तोंड फुललं. तो म्हणाला, "मग ब्येस झालं. हुशार हाय म्हनल्यावर चार म्हैने बुडालं तरी भरून काढंल. औंदा नेतो संगट. बारक्याला सांभाळाया कुनीतरी लागतंयच कोपीवर." कोपीवर! फडाशेजारच्या त्या पाचटाच्या झोपडीत धाकट्या भावाला मांडीवर घेऊन मी किती थंड्या काढल्यात, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या पोरीला वाचता येत नाही, गुरुजी. चौथीत आहे आणि जोडाक्षर समोर आलं की पोर बुजलेल्या वासरासारखी जागच्या जागी थांबते. तशी चुणचुणीत आहे. नाच म्हटलं की पुढं, रांगोळी म्हटलं की पुढं, तोंडी गणितं फटाफट. मी जूनमध्ये बदलून आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं. आधीचं प्रगतिपुस्तक काढून बघते तर काय लिहिलेलं? 'उपक्रमात आवडीने सहभागी होते.' 'वर्गात प्रसन्न असते.' प्रसन्न! बापाला वाचून दाखवलं तर त्याला वाटेल नवरात्रातल्या देवीबद्दल चाललंय. मी श्रेणी खाली आणायला निघाले तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, विस्तवात हात कशाला घालता? श्रेणी घसरली की विचारणा होते, मग आपलीच वरात. शिवाय पालकांना वाईट वाटतं." पालकांना वाईट वाटू नये म्हणून ही माणसं पालकांच्या पोरी उसात पाठवतात आणि वर टाळ्या घेतात. त्या मेळाव्यात मी मात्र मूग गिळून बसले. तेवढं तरी तुमच्यापासून लपवत नाही.

तुम्ही असं केलं नसतंत. तुम्ही काय केलं असतंत ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते तुम्ही माझ्याच बाबतीत केलंत. एक मे. झेंडावंदन झालंय, ऊन चटके देतंय, आणि निकाल ऐकायला गाव शाळेपुढं जमलंय. तुम्ही ओट्यावर उभे, गालात तंबाखूची गोळी. माझं नाव येतं आणि तुम्ही थांबता. आईकडं बोट करून म्हणता, "ये गं, पुढं ये अशी." माझ्या आईला गावात सगळेच अगंतुगं करायचे, पण तुमच्या तोंडून ते फार लागलं. आई पदर सावरत पुढं येते. तुम्ही पिशवीतून भाकरी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तेलकट कागद काढता आणि माझ्या नाकासमोर धरता. "वाच." मी दुसरीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घडाघडा म्हणायचे, आणि म्हणूनच तुम्ही पुस्तक काढलं नाहीत. पुस्तक पाठ होतं, भाकरीचा कागद पाठ होत नाही. मला एक ओळ लागेना. फरशी तापलेली, मी अनवाणी, नुसती पाय बदलत राहिले.

"बघितलंस? हिला वाचता येत नाही. दिवाळी आली की फडावर नेतेस, आन् उन्हाळ्यात माझ्या गळ्यात आणून बांधतेस. मागं ठेव हिला. न्हाईतर आत्ताच दे कोयता हातात." लोक हसले. आपल्याच भावकीतले हसले. आईनं जी मान खाली घातली ती घरी पोचेपर्यंत वर केली नाही. घरी आल्यावर तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाणी प्यायला दिलं.

त्या साली मी चुलतीकडं राहिले. टोळीचा टेम्पो हलला तेव्हा आई माझ्याकडं बघत नव्हती आणि भाऊ तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून रडत होता. शाळा सुटली की तुम्ही मला व्हरांड्यात बसवून घ्यायचात, रोज त्या दिवशीच्या भाकरीचा कागद पुढं टाकायचात. अपघात, बाजारभाव, लग्नाचे निरोप, हरवलेली माणसं, यावर मी वाचायला शिकले. अडखळले की डोक्यात टपली. शाबास म्हणून एकदाही नाही. मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय शिव्या घालायचे, त्या इथं लिहिल्या तर कागद पेटेल. आणि खरं सांगू? त्या उन्हाळ्यात आई परत आली तेव्हा मी तिला साखरेच्या पोत्यावरची अक्षरं वाचून दाखवली, ती तोंडाला पदर लावून बसली, तरीही मला तुमचे आभार मानावेसे वाटले नाहीत. पोर शिकवायची तर आईची लाज कशाला काढायची, हे मला अजून कळलेलं नाही.

तर मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या वस्तीवर गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, सामानाची बांधाबांध झालेली. आजी शेळ्यांना पाला टाकत होती. ती मागं राहणार, तिला आता फडावरचं झेपत नाही. मला बघून आईला काय करू नि काय नको झालं. "बाई, बसा. चा टाकते. काल ह्यांनी सांगितलं, लई टाळ्या वाजीवल्या म्हनं. आगं, बाईंला धडा म्हणून दाखीव की!" पोरीनं पुस्तक उघडलं आणि सुरू झाली. एक चूक नाही. आई भाकरी थापता थापता मान डोलवत होती. मला फक्त एवढं दिसत होतं, की धडा पुढच्या पानावर गेला तरी पोरीनं पान उलटलेलं नाही.

चुलीशेजारी चहाचा रिकामा पुडा पडला होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. "हे वाच." वरचं मोठं नाव तिनं झटक्यात सांगितलं, ते चित्रावरून अंगणवाडीतलं पोरही सांगतं. खालच्या बारीक ओळी आल्या आणि ती थांबली. एक अक्षर, दुसरं अक्षर, मग माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी आईचा हात हलेना. तेव्हा मी बोलले. "हिला वाचता येत नाही. मागं ठेवा हिला." शब्द तोंडातून गेले आणि मला ते ओळखू आले, गुरुजी. वाक्य तुमचंच होतं. मी 'ठेव'चं 'ठेवा' केलं होतं आणि आवाज हळू केला होता, एवढाच काय तो फरक.

आई एकदम उसळली. "मंग काल का न्हाई बोलल्या तुमी? काल समदे टाळ्या वाजवीत हुते. तुमी बी हुत्याच की तिथं!" तेवढ्यात बाप आला, त्यानं दारातूनच सगळं ऐकलं होतं. काल टाळ्यांनी फुललेला माणूस तो, त्याचा चेहरा बघवेना. पण मला ज्याची धास्ती होती तेच तो बोलला. "येत न्हाई? मंग तर सवालच मिटला. शाळंत ठिवून तरी काय दिवं लावनार हाय? चल संगट, बारक्याला तरी बगशील." मला वाटलं, संपलं. खोटं बोललं तर हुशार म्हणून नेणार, खरं बोललं तर ढ म्हणून नेणार.

आईनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "येत हुतं तवा बी न्यायची, न्हाई येत तवा बी न्यायची. मंग शाळा कवा करायची तिनं?"

"आन् बारक्याला कोन बगंल?"

"पाठीला बांधीन. हिला नव्हती का बांधली? म्हातारीपशी ऱ्हाईल ही. बाई शिकीवतील." मग माझ्याकडं वळून, "शिकीवणार नव्हं? का पुन्यांदा टाळ्याच वाजीवणार?"

मी म्हटलं, शिकवीन. बापानं टोपी झटकून डोक्यावर घातली आणि तो बाहेर निघून गेला. पोरगी मात्र आईच्या पाठीला चिकटली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला न्हाई ऱ्हायाचं हितं. मी बी येनार." आईच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडं जे बघितलं ना, गुरुजी, ती नजर मला चांगली ओळखीची आहे. तुमच्याकडं बघताना माझी तीच असायची.

टोळी गेली. पोर वर्गात येते. हजेरीला नाव घेतलं की 'हजर' म्हणत नाही, नुसता हात वर करते, तोही दुसरीकडं बघत. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेते. किराणाचे पुडे, औषधाची खोकी, लग्नपत्रिका, जे हाताला लागेल ते पुढं ठेवते. ती रागारागानं वाचते, अक्षरं दातांखाली चावल्यासारखी, पण वाचते. मुख्याध्यापकांनी काल विचारलं, "बाई, हे रद्दीचं काय काढलंय? उपक्रम आहे का? असेल तर फोटो काढून ठेवा." मी म्हटलं, खबरदार फोटो काढलात तर. आता माझी बदली कुठं होते ते बघायचं. होऊ दे. या खोट्या अ-एकांचा मला वीट आलाय. सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी 'अजून वाचता येत नाही, रोज सराव सुरू आहे' असं लिहिणार आहे. आणि फडावर फोन लावून तिच्या आईला ते वाचून दाखवणार आहे, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

पुढंमागं ही पोर मोठी होईल आणि मला शिव्या घालणारं असंच एक पत्र लिहील. लिहू दे. तिनं ते स्वतःच्या हातानं, कुणाचं न बघता लिहिलं म्हणजे झालं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा खोटं कशाला बोलू? रोज चार वाजता ती कागद उचलते तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत बसते, आज तरी हसेल म्हणून. व्हरांड्यात बसून तुम्हीही माझ्याकडं असंच बघत होतात का, कोण जाणे. मी तर मान खाली घालूनच वाचत होते.