अवसेच्या बाईचा हौद

हैफा, इस्रायल

चि. रामकिसन, अक्काचा तुला जीव लावून आशीर्वाद.

मी बरी हाय, खाण्यापिण्याचे हाल न्हाईत. तुझा गुडघा कसा हाय? दूध सोसायटीचा चेअरमन झालास, आईकडून कळलं.

मी सांभाळते ती मिरियम म्हातारी लई धार्मिक हाय. इथं महिन्याला खोदेश म्हणतात. त्याचा अर्थ विचारला तर म्हणाली, "नवा." अवस सरली की चंद्र नवा, म्हणून महिना नवा. त्या दिवशी बायांचा मान म्हणून ती मला धुणं धुऊ देत न्हाई. मी अवसेची हाय म्हणलं, तर म्हणाली, "मग तू नव्याच्या उंबऱ्यावर जन्मलीस."

मला तू आठवलास. बोअरला नुसता धुरळा निघाला, तवा "ही अवसेची कावून उभी राहिली हितं?" म्हणून पाठीत पाइप घातलावतास.

आता तुझी लेक शिवकन्या पण अवसेची, म्हणून तिला हौदाला हात लावू देत न्हाईस म्हणं. टँकरचं पाणी आटंल?

तो हौद माझ्या पगाराचा हाय. चार वरसं अवसेच्या बाईचं पाणी पितोस, मेला न्हाईस.

आईला फोन केलाय. हौदाला कुलूप, किल्ली शिवकन्याच्या गळ्यात. आधी ती पेईल, मग म्हशी, मग तू. पटत नसंल तर घागर घेऊन टँकरमागं पळ. चेअरमनला लोक वाट देतील.

गुडघ्याला जप.

तुझी अवसेची,
छबूअक्का